साहेबांना विचारून सांगते

सेमारांग, ६ फेब्रुवारी

आदरणीय बुदे विरात्मी यांना लारासचा सलाम.

तुमचे कान गेल्यापासून फोनची सोय राहिली नाही आणि मोबाईलवर अंगठ्याने लिहिणाऱ्यांना तुम्ही माणसांत धरत नाही, म्हणून हे रीतसर पत्र. आई गेल्यावर तिची मोठी बहीण म्हणून तुमच्याशिवाय विचारायला मला आहे तरी कोण?

नोकरी सोडली. थांबा, आधी पूर्ण वाचा, मग ओरडा. एकट्या माणसालाही आता कायद्याने कंपनी काढता येते. ती मी काढली. भाड्याच्या खोलीत पुढे दुकान, मागे कारखाना, पलंगाखाली गोदाम. यंत्र माझं स्वतःचं आहे. स्वयंपाकाचा गॅस गळायला लागला की किंचाळणारी एक डबी. नाव ठेवलंय केंटोंगान. गावच्या चौकीवर टांगलेलं ते लाकूड, आग लागली की बडवायचे, आठवतं ना?

अडलंय ते व्हिजिटिंग कार्डावरच्या एका ओळीपाशी. छापखानेवाला म्हणाला, "नावाखाली काय टाकू?" मी म्हटलं, डायरेक्टर. त्याने माझ्या रबरी चपलांकडे बघितलं. "म्बाक, अहो ताई, डायरेक्टर कधी स्वतः कार्ड छापायला येतात का?" मागे उभे होते ते दोघं फिदीफिदी हसले. 'मालक' टाकावं तर भाजीचा गाळा वाटतो. 'संस्थापक' म्हटलं की गेलेल्या माणसाचा फोटो डोळ्यांपुढे येतो. जोडणारी, विकणारी, दुरुस्त करणारी, झाडणारी, सगळं मीच. ते सगळं लिहायचं तर कार्ड नको, भिंत हवी.

मागच्या आठवड्यात टोफू तळणाऱ्यांच्या संघात यंत्र दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "छान आहे. बनवलं कोणी?" मी म्हटलं, मी. "हो, पण बनवलं कोणी?" "मीच, बापाक." "बरं बरं. म्हणजे बनवणाऱ्याला घेऊन या एकदा." इतकं डोक्यात गेलं म्हणून सांगू!

तुम्ही जन्मभर हुद्दे टाइप केलेत. सांगा, काय छापू?

तुमची,
लारास


क्लातेन, १३ फेब्रुवारी

न्दुक लारास,

पोरी, नोकरी सोडल्याचं वाचलं आणि चहा अंगावर सांडला. झालं ओरडून. आता कामाचं.

साखर कारखान्यात डायरेक्टरच्या दाराबाहेर माझं टेबल होतं. आत साहेब बदलत गेले, बाहेर मी तशीच. लोक साहेबांना टरकून असायचे ते ते दिसत नसत म्हणून. दिसले असते तर कोण घाबरलं असतं? एक तर मोजे काढून हुंगायचा. पण बंद दाराआड तोच राजा होता आणि त्या दाराची किल्ली माझ्याकडे. माझ्यासमोर भले भले पुढारी हात बांधून उभे राहिलेत.

तेव्हा डायरेक्टर तूच रहा, पण कोणाला सांगू नकोस. कार्डावर छाप, 'डायरेक्टर यांच्या सेक्रेटरी'. पोरगी डायरेक्टर असली की माणसं हसतात. पोरगी सेक्रेटरी असली की विचारतात, साहेब आहेत का? आणि एक वाक्य पाठ कर. 'साहेबांना विचारून सांगते.' याच्यावर मी अख्खी हयात काढली. भाव पाडतायत? साहेबांना विचारते. उत्तर सुचत नाही? साहेबांना विचारते. नकार द्यायचाय? साहेबांनी नाही म्हटलं हो, मी खूप सांगून पाहिलं! शिव्या त्याला, चहा तुला.

साहेबाला नाव लागेल. हेंडार्तो. बापाक हेंडार्तो, इंजिनिअर. वजनदार आहे आणि आपल्या नात्यात कोणी नाही.

आणि चपला बदल.

बुदे


सेमारांग, २८ मार्च

आदरणीय बुदे,

तुमचे पाय धरले पाहिजेत! त्याच संघात नवं कार्ड घेऊन गेले. अध्यक्षांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "बापाक हेंडार्तो आले नाहीत?" म्हटलं, जकार्तात मीटिंगला गेलेत. "हो, हो, मोठ्या माणसांना वेळ कुठला." जे यंत्र महिन्यापूर्वी खेळणं होतं, तेच बारा घरी लागलं. बुदे, मी घरी येऊन हसले आणि मग थोडी रडलेही.

साहेबांना आता सवयी फुटल्यात. कॉफीत साखर चालत नाही. शुक्रवारी फोन घेत नाहीत. कोणी यंत्राच्या पोटातलं काही विचारलं की मी म्हणते, "मला बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय, साहेब बघतील!" सगळ्या तारा मीच जोडलेल्या असतात आणि हे म्हणताना स्वतःचीच लाज वाटते. पण चालतंय.

उंगारानच्या डोंगराकडे एक मुर्नी आहे. तिची आई बू सुमिराह आणि ती, दोघीच टोफू तळून विकतात. माझ्याच वयाची आहे आणि तोंडाला खळ नाही. कामाचं बोलून झालं तरी फोन ठेवत नाही. "म्बाक लारास, तुझा साहेब दिसायला कसा आहे गं? लग्न झालंय का? नाही म्हणजे, आमच्याकडे टोफू फुकट मिळेल म्हणावं." परवा बसवाल्याकडे तिने गरम टोफूचं पुडकं पाठवलं, वर लिहिलं होतं, 'साहेबांसाठी, आणि उरलं तर तुला'. सगळं मीच खाल्लं, मिरच्यांसकट. इतक्या दिवसांत कोणी मैत्रीण झाली नव्हती. तिला तरी खरं सांगावं असं वाटतं. सांगू का?

लारास


क्लातेन, ४ एप्रिल

न्दुक,

खबरदार! एकीला सांगितलंस की टोफूबरोबर सगळ्या डोंगरात वाटलं जाईल.

उलट साहेब आणखी पक्का कर. तू उत्तरं फार लवकर देतेस अशी मला शंका आहे. सकाळी विचारलं आणि दुपारी सांगितलं तर साहेब रिकामटेकडा वाटतो. दोन दिवस तरी थांबवत जा. थांबवलं की मान वाढतो. आमच्या तिसऱ्या साहेबाची सही तर तासाभरात व्हायची, पण मी कागद दोन दिवस खणात ठेवायची आणि मग जड हाताने द्यायची. लोक दुवा देऊन जायचे.

रिकामा वेळ आहे म्हणून मी हेंडार्तोची सही बसवली आहे. पहिलं अक्षर मोठं, शेपूट लांब. खाली बघ. आहे की नाही डायरेक्टर?

बुदे


सेमारांग, १९ एप्रिल

बुदे,

मुर्नी गेली.

सोमवारी तिचा फोन आला होता. "अगं, तुझी ती डबी सकाळपासून कोकलतेय. वास तर कसला येत नाही, सगळीकडे तेलाचाच वास. शेजारच्या बाळंतिणीचं लेकरू दचकून उठतंय. बिघडली असेल का? टॉवेल गुंडाळून ठेवू का तोवर?"

बुदे, उत्तर माझ्या जिभेवर होतं. सिलिंडरच्या तोंडाशी साबणाचा फेस लाव आणि बघ बुडबुडे येतात का; आले तर चूल पेटवू नकोस. एवढंच. मुलांना शिकवतात तेवढं सोपं. पण मी तर तिला शंभरदा सांगितलेलं, मला त्यातलं काही कळत नाही म्हणून. शिवाय मला वाटलं, डोंगरात दमट हवा, डबीच बिघडली असणार, आणि बदलून द्यायला तयार डबी नव्हती. दोन दिवस मिळाले तर एक जोडून होईल. मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते."

ती म्हणाली, "बरं. लवकर विचार हं, म्हाताऱ्याला."

दोन दिवस मी डबी जोडत बसले. फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली. आई बाजारात टोफू द्यायला गेली होती म्हणून वाचली. शेजारीण सांगते, स्फोटाच्या आधी बराच वेळ भिंतीपलीकडून कोंबडीचं पिल्लू ओरडल्यासारखा आवाज येत होता. टॉवेलातून.

पोलीस येऊन गेले. सिलिंडरचं रबर कुजलेलं होतं असं लिहून गेले. मी चौकीत जाऊन माझं सांगितलं, तर म्हणाले, तुमची घंटी वाजत होती ना, मग तुमचा काय दोष? डबी खरीच होती, बुदे. डबीने आपलं काम केलं.

सातव्या दिवशी मी बू सुमिराहांकडे जाणार आहे. सगळं सांगणार आहे. साहेब कोण, विचारायचं कोणाला होतं, उत्तर कोणाकडे होतं. त्यांनी मला मारलं तरी चालेल. मारावंच त्यांनी.

लारास


क्लातेन, २२ एप्रिल

न्दुक लारास,

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी जाऊ शकले नाही. शेजारणीने भात आणून दिला.

पण ऐक. तू काही सांगायचं नाहीस. रबर कुजलेलं होतं, ते तू कुजवलंस का? तिच्या आईला आधार हवाय, तुझी कबुली घेऊन ती काय करणार? आणि उद्या गावातला एखादा डोकं फिरलेला तुझ्या दारात आला तर? तू कार्डावर सेक्रेटरी आहेस, सेक्रेटरीच रहा. तीच तुझी छत्री आहे. तुझ्या आईने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, तो मी असा सोडणार नाही.

मात्र रीत पाळायला हवी. मरणाच्या घरी कंपनीचा मुख्य आला नाही तर लोक कायमचं बोलतात. तो येऊ शकत नाही, म्हणून निदान त्याच्या नावाचा फुलांचा फलक तरी दारात उभा राहायला हवा. मी सेमारांगच्या फुलवाल्याला शेजाऱ्याच्या मुलीकडून कळवून टाकलंय. चांगला मोठा सांगितला. 'शोकाकुल, इंजि. हेंडार्तो, डायरेक्टर.' तू जाशील तेव्हा तो तिथे असेल आणि तुझ्या मानेवरचं ओझं कमी होईल.

जेवत जा.

बुदे


सेमारांग, २५ एप्रिल

बुदे,

तुमचं पत्र मला उंगारानहून परतल्यावर दाराखाली सापडलं.

फलक मी तिथे पोचले तेव्हाच पाहिला. त्यांच्या दारापेक्षा उंच आहे. पांढरी फुलं, जांभळी फुलं, मधोमध हेंडार्तो. अर्धा गाव येऊन बघून गेलाय. त्या गल्लीत याआधी कोणाच्याच मरणाला असा फलक आला नव्हता. जळका ओटा मागे आहे आणि पुढे हा.

बू सुमिराह अगदी बारीक आहेत. मी फाटकातूनच पायाशी वाकले. त्यांनी मला उठवलं, घरात नेलं, चहात साखर ढवळून दिली. मी चहा खाली ठेवला आणि म्हटलं, "बू, मी सेक्रेटरी नाही. कंपनीची डायरेक्टर मीच आहे. मुर्नीला उत्तर मी दिलं नाही."

त्यांनी चहा पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हे बोलायला कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही. हेंडार्तो नावाचा माणूसच नाही."

"आणि ही एवढी फुलं? भुताने पाठवली?"

"माझ्या बुदेनी."

त्यांनी कपाळाला हात लावला. "बघा हो," शेजारणीला म्हणाल्या, "पोरीला काय काय पढवून पाठवलंय!"

मी कंपनीचा दाखला काढला. वर माझं एकटीचं नाव. शेजारणीने वाचून दाखवलं. बू सुमिराहांनी तो हातातही घेतला नाही. "मोठी माणसं असंच करतात, न्दुक. नाव गरिबाचं उसनं घेतात. आमच्या जावेच्या मुलाच्या नावावर तीन ट्रक होते, आणि त्याला साधी सायकल नव्हती. ट्रकखाली माणूस आला तेव्हा तुरुंगात मात्र तोच गेला."

बुदे, मी ओरडले. चक्क ओरडले, मरणाच्या घरात. "अहो, मीच ती! साबणाचा फेस लाव एवढं सांगायचं होतं, ते मला येत होतं, मी नाही सांगितलं!" तर ती बाई उठली आणि मला जवळ घेतलं. "आता येतंय, न्दुक. आता सगळ्यांनाच येतंय. तेव्हा तुला कुठलं माहीत असणार? मुर्नीच सांगायची, म्बाक लारासला त्यातलं काही कळत नाही, बिचारी नुसती निरोप पोचवते." माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी त्यांच्या मुलीला मारलं आणि त्या मला थोपटत होत्या. निघताना केळीच्या पानात भात बांधून दिला आणि म्हणाल्या, "त्याची नोकरी सोड. तुलाही असाच जाळेल तो."

छत्री म्हणालात ना तुम्ही? पूर्ण मिटलीय ती माझ्यावर. आतून उघडत नाही.

लारास


क्लातेन, ३ मे

लारास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फलक मी पाठवला. नाव मी ठेवलं. दोन दिवस थांबव, हेही मीच लिहिलं होतं, आणि ते तू तुझ्या कुठल्याच पत्रात माझ्या तोंडावर मारलं नाहीस. मारायला हवं होतंस.

मला वाटायचं, दाराबाहेर बसून मी कारखाना चालवला. आता वाटतं, माझ्या खणात दोन दोन दिवस पडलेल्या कागदांत कोणाचं काय अडकलं होतं, ते मी कधी विचारलंच नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी येते. त्या बाईंसमोर उभी राहून सांगते की हेंडार्तो माझ्या डोक्यातून निघाला. म्हाताऱ्या बाईचं ती ऐकेल. ती मला शिव्या देईल आणि त्या मला ऐकू येणार नाहीत, याचीच लाज वाटते. तू मला खुणेने सांग, एकही गाळू नकोस.

विरात्मी


सेमारांग, २७ मे

आदरणीय बुदे,

तुम्ही बस थांब्यावरच चक्कर येऊन पडलात, असं तुमच्या शेजाऱ्यांनी कळवलं. डॉक्टर म्हणतात तसं पडून रहा. रागावले नाही मी. खरंच नाही. कालचं सगळं लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला लिहू?

जाण्याआधी त्याच छापखान्यात जाऊन नवं कार्ड छापलं. 'लारास, डायरेक्टर.' त्याने या वेळी काही विचारलं नाही. बूट घातले, काळा झगा घातला, डोक्यावर ओढणी घट्ट बांधली. आरशात मला पहिल्यांदा डायरेक्टर दिसली.

दारात मांडव घातला होता. आत चटयांवर पुरुष प्रार्थनेला बसलेले, मागच्या अंगणात बायका भाताचे पुडे बांधत होत्या. फलकाची फुलं केव्हाच वाळून गेली, पण पाटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलीय. आणि मांडवात सगळ्यांच्या पुढे एकच खुर्ची. प्लास्टिकचीच, पण वर पांढरं इस्त्रीचं कापड. शेजारी स्टुलावर झाकलेला कप.

मी शेजारणीला विचारलं, "ही कोणाची?"

"तुझ्या साहेबांची. शहरातला माणूस, खाली बसवत नसेल. एवढी फुलं पाठवली त्यांनी, चाळिसाव्याला तरी येतील. कॉफी बिनसाखरेची ठेवलीय. मुर्नी म्हणायची ना, त्यांना साखर चालत नाही."

बुदे, ते मीच मुर्नीला सांगितलं होतं.

मौलवी दोनदा घड्याळ बघून झाले. कोणीतरी म्हणालं, सुरू करू या. बू सुमिराह म्हणाल्या, "अजून थोडं थांबू. घाटात गाड्या अडकतात." आणि ती सगळी माणसं, दिवसभर राबून आलेली, उपाशी, एका नसलेल्या माणसासाठी गप्प बसून राहिली. मला ते बघवेना. मी बायकांतून उठले, सगळ्यांच्या समोरून चालत गेले आणि त्या खुर्चीवर बसले.

चटयांवरच्या माना वर झाल्या. कार्ड मी हातात धरलं होतं. वाटलं, आता तरी कळेल. आता तरी कोणीतरी मला ओढून खाली पाडेल.

बू सुमिराह आल्या. रागावल्या नाहीत. माझा दंड धरून मला हळूच उठवलं, चुरगळलेलं कापड हाताने सारखं केलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "इथे नको, न्दुक. ही त्यांची आहे. आले तर मला भांडायचं नाहीये त्यांच्याशी. एकच विचारायचंय. माझ्या पोरीला उत्तर द्यायला त्यांना दोन दिवस का लागले?"

मी हातातलं कार्ड ओढणीआड सरकवलं.

"ते नाहीच आले, तर तू तरी विचारशील का त्यांना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "विचारते."

तुमची,
लारास